एका ‘ल’पायी अकरा दिवस

वाचनालयाचं संकेतस्थळ चार दिवसांत उभं राहिलं. डोमेन, होस्टिंग, लेट्स एनक्रिप्टचं मोफत सुरक्षा प्रमाणपत्र, वर्डप्रेस हे साइट चालवणारं सॉफ्टवेअर, साइटच्या रंगरूपासाठी विकतची थीम, सगळं सुरळीत पार पडलं. मग कार्यवाह सरांना लिंक पाठवली. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेले गृहस्थ. संध्याकाळी फोन आला, “अगं, बाकी सगळं छान झालंय, पण हा ल आपला नाही. शसुद्धा नाही. असा ल मी पोरांना कधी गिरवायला दिला नाही.”

सरांचं बरोबर होतं. पानावर सगळीकडे हिंदी वळणाचा दंडाचा ल आणि गाठीचा श उमटत होता. मराठीचा ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त. २००९ च्या वर्णमालेच्या शासन निर्णयातही तेच आहेत. मराठी वाचनालयाच्या पाटीवर दुसऱ्या वळणाची अक्षरं मलाही चालणार नव्हती.

दोन्ही ल चा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक अक्षर ज्यावरून ओळखतो तो, एकच असतो. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, आणि मजकूर मराठी आहे असं पानाने सांगितलं तरच ब्राउझर आपलं वळण काढतो. हे सांगायचं काम एचटीएमएलच्या, म्हणजे पान ज्यात लिहिलेलं असतं त्या संकेतांच्या, पहिल्याच टॅगमधल्या ‘लँग’चं. तिथे ‘एमआर’ हवं. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी केली की ते आपोआप येतं, म्हणून मी निर्धास्त होते. पानाचा सोर्स उघडला तर तिथे ‘एन-यूएस’! थीमवाल्यांनी इंग्रजी कायमची ठोकून ठेवली होती.

मी त्यांच्या मदत कक्षाला लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: कॅशे (साठवून ठेवलेली जुनी पानं) साफ करा. केली. पुन्हा लिहिलं, दोन ल चे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठवले. तीन दिवसांनी: फाँट बदलून पाहा. तिसऱ्यांदा लिहिलं, फाइलचं नाव आणि ओळ क्रमांकासकट. चार दिवसांनी उत्तर: दोन्ही अक्षरं आम्हाला सारखीच दिसतात, तक्रार बंद करत आहोत. पैसे मोजून घेतलेली थीम, समोर दोन वेगळी अक्षरं, आणि म्हणे सारखीच! तो राग अजून गेलेला नाही. नऊ दिवस रोज सकाळी आधी मेल उघडायचा आणि सरांचा फोन आला की “उद्या बघते” म्हणायचं.

दहाव्या दिवशी चाइल्ड थीम (मूळ थीमला हात न लावता बदल करायची पोटथीम) केली, हेडरची फाइल तिच्यात उतरवून घेतली आणि ती एक ओळ बदलली. वीस मिनिटांचं काम. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुमच्यावर ही वेळ आली तर थांबू नका. साइट बिल्डरमध्ये वरच्या टॅगला हात लावता येत नसेल, तर मजकुराभोवतीच्या डिव्ह या टॅगला ‘लँग’ द्या, तेवढं पुरतं.

तरीही ल बदलला नाही. तेव्हा मात्र मी रडकुंडीला आले. फायरफॉक्स ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये (पानाची आतली रचना दाखवणाऱ्या साधनात) ‘फाँट्स’ नावाचा कप्पा असतो, निवडलेल्या मजकुराला खरोखर कोणता फाँट लागलाय ते तिथे कळतं. (क्रोममध्ये ‘कॉम्प्युटेड’च्या तळाशी.) फाँट नोटोच होता. मग वाकामाय फाँड्यू या साइटवर फाँटची फाइल टाकली. फाँटच्या पोटात काय काय आहे ते ती दाखवते. मूळ फाइलमध्ये मराठीची सोय होती, मी चढवलेल्या फाइलमध्ये नव्हती. आकार कमी करायला एका ऑनलाइन कन्व्हर्टरमधून काढली होती, आणि त्याने मराठीच गाळून टाकली होती! फाँटटूल्स ही फाँट हाताळायची साधनं वापरून मूळ फाइलवरून पुन्हा काढली. अकराव्या दिवशी दुपारी ल ला पाकळ्या आल्या. मी पान मोठं करून नुसती बघत बसले होते.

राहिलेलं आठवेल तसं सांगते. मथळ्यांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) देऊ नका, शिरोरेषा तुटते. माझ्या थीमने ते आपणहून दिलं होतं, शून्य करावं लागलं. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांत अडकतात. जुन्या स्मरणिकेचा मजकूर डीटीपीच्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलात तर पहिली वेलांटी आणि ‘ऱ्या’ डोळ्यांनी तपासा. आमच्याकडे आचाऱ्यांचे आचार्य झाले होते. जुने फोटो हलके करायला स्क्वूश हे ऑनलाइन साधन चांगलं.

आणि ‘लँग’ नीट झाल्यावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम) लावून पाहिला. आता तो आमचं पान मराठी आवाजात वाचतो. सरांच्या एका वर्गमित्राला दिसत नाही. पुढच्या आठवड्यात ते वाचनालयात येणार आहेत, नव्या पुस्तकांची यादी ऐकायला.