आभाळ भरलं की आगळ

एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात आणि नेमका शेवटच्या तोडणीला वळीव कोसळतो. आमसूल करायचं तर साल रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची. अशी पुटं चढली की मगच तो काळपट रंग येतो. त्या वर्षी आमच्या कुडाळ तालुक्यातल्या बचत गटाचा माल अर्धवट वाळलेला असताना आभाळ भरलं. बुरशी धरली, मुंबईच्या व्यापाऱ्याने पोती परत पाठवली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, पण बुरशीला त्याचं काय!

ड्रायर घ्यायचा तर कर्ज. बैठकीत कुणी काही सुचवलं की दुसरी लगेच म्हणायची, "ह्यां काय जमाचा नाय." हिशेब माझ्याकडे असतो, त्यामुळे वहीत फक्त नकारच जमा होत होते. ॲलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याने 1953 साली विचारमंथनाचे नियम पुस्तकातून मांडले होते. त्यातला एकच मी लावला: आधी सगळं लिहून घ्यायचं, निवाडा नंतर. पावाच्या भट्टीपासून शाळेच्या पत्र्यापर्यंत काय काय आलं. कंटाळून एक काकी म्हणाल्या, "सुकवतास कित्याक गो? मिठात घाला नि मोकळ्या व्हा."

सगळ्या हसल्या, पण माझं पेन थांबलं. आम्ही इतके दिवस 'सुकवायचं कसं' एवढंच विचारत होतो. आगळाला, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाला, ऊन लागतच नाही. बिया काढून साली मिठाच्या थरांत बरणीत भरायच्या, रोज ढवळायच्या, आठवडाभराने रस गाळायचा. भांडं तेवढं तांब्या-ॲल्युमिनियमचं नको. हे घराघरांत येतंच. पण विकायला आमसूल, घरात आगळ, असंच डोक्यात बसलेलं.

गिऱ्हाईक कोण? दुकानात आगळाची बाटली हळू खपते. म्हणून मालवणच्या खानावळींत गेले आणि थेट स्वयंपाकघरात उभी राहिले. आमसुलं भिजवा, कुस्करा, गाळा, यात दुपारच्या गर्दीत आचाऱ्याचा जीव जातो. आगळ नारळाच्या रसात ओतलं की सोलकढी तयार. पाच लिटरचे कॅन द्यायचं ठरलं, रिकामे परत घ्यायचे.

पहिली तक्रार खारटपणाची: प्रत्येक कॅनची चव वेगळी. बायका मूठ मोजून मीठ घालत होत्या, आणि मुठी काय सारख्या असतात? तेव्हापासून साली नि मीठ दोन्ही काट्यावर तोलतो. एका आचाऱ्याने तर आपल्या स्टीलच्या पेल्यावर खिळ्याने रेघ मारून ठेवलीय, आगळ तिथपर्यंतच.

आमसूल सोडलेलं नाही, त्याला भाव बरा मिळतो. कडक ऊन असेल तोवर आमसूल, ढग जमले की आगळ. बियांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, आधीपासून करतोच.

आता अडलंय ते उधारीवर. खानावळवाले हंगाम संपेपर्यंत पैसे ठेवतात. परवा एकीने सुचवलं, पैशांऐवजी सुरमई घ्या. नियम म्हणजे नियम, तेही लिहून घेतलंय.