डायनॅमोवर चार्जिंग: खान्देशातल्या सायकल सफरीसाठी

सायकलच्या डायनॅमोवर मोबाइल चार्ज होतो. पण डायनॅमोतून थेट मोबाइलला वायर नेऊ नका, मध्ये पॉवर बँक ठेवा. सिग्नलला थांबलात की वीज बंद, निघालात की चालू. प्रत्येक वेळी मोबाइलचा स्क्रीन उजळतो आणि आलेलं चार्जिंग तिथेच खर्ची पडतं.

पुढच्या चाकाचा हब डायनॅमो, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातच बसवलेला, ६ व्होल्ट, ३ वॅटचा असतो. त्याचा करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास अडतो, वेग वाढला की व्होल्टेज चढत जातं. बाकीची सगळी जोडणी या एका गोष्टीवर बेतायची. टायरला घासणारा बाटली डायनॅमो स्वस्त मिळतो, पण पावसाळ्यात काळ्या मातीचा थर टायरवर बसला की त्याची चकती घसरते. लांबच्या सफरीला हबच घ्या.

डायनॅमोतून एसी येतो, म्हणून आधी ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारी चार डायोडची जोडणी. साध्या डायोडच्या ब्रिजमध्ये सुमारे १.४ व्होल्ट वाया जातात, शॉटकी डायोडमध्ये बरेच कमी. डायोड १०० व्होल्टचे घ्या, एसबी५१०० सारखे. पुढे २२०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा कॅपॅसिटर आणि त्यानंतर व्होल्टेज उतरवून ५ व्होल्ट देणारं बक मॉड्यूल. अशा मॉड्यूलवरच्या साध्या एलएम२५९६ चिपची इनपुट मर्यादा ४० व्होल्ट, एचव्ही (हाय व्होल्टेज) प्रकाराची ६०. एचव्ही घेतलं तरी मॉड्यूलवरच्या इनपुट कॅपॅसिटरचा आकडा वाचाच. स्वस्त मॉड्यूलवर तो ३५ किंवा ५० व्होल्टचा असतो आणि उतारावर तोच आधी फुगतो.

मॉड्यूलवर व्होल्टेजचा आणि करंटचा असे दोन स्क्रू हवेत. बऱ्याच पॉवर बँका एक-दोन अँपिअर ओढू पाहतात. तेवढा करंट डायनॅमोला झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं, मॉड्यूल बंद पडून पुन्हा सुरू होतं आणि हे चक्र चालूच राहतं. म्हणून घरीच सेटिंग करा. सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा जुना अडॅप्टर इनपुटला लावा, आउटपुट ५.१ व्होल्टवर आणा. मग मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून आउटपुटच्या प्लस-मायनस टोकांना थेट लावा आणि करंटचा स्क्रू ०.५ अँपिअरवर आणा. यूएसबी सॉकेटच्या दोन डेटा पिना एकमेकींना जोडू नका. त्या जोडल्या की मोबाइल समोर मोठा चार्जर आहे असं धरून जास्त करंट मागतो.

एक चूक सर्रास होते: डीसीची निगेटिव्ह वायर फ्रेमला जोडणं. बाटली डायनॅमोत आणि काही हबमध्ये एसीचं एक टोक आधीच फ्रेमला असतं. निगेटिव्हही तिथे आली की ब्रिजमधला एक डायोड शॉर्ट होतो आणि अर्धी वीज गेली. दोन्ही वायरी वेगळ्या न्या, मॉड्यूलची डबी फ्रेमपासून इन्सुलेट ठेवा. हँडल पूर्ण वळेल इतकी वायर सैल सोडा. वायर तुटते ती बहुतेक सोल्डरच्या जोडाला लागूनच, तिथे हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवा. पंक्चर काढायला चाक उतरवण्याआधी हबचा प्लग काढा.

आता हिशेब. १५ ते २० किलोमीटरच्या वेगाने अडीच वॅट मिळतात. पाच तासांत साडेबारा वॅट-अवर. पॉवर बँकेत भरताना आणि काढताना होणारी घट धरली तर मोबाइलपर्यंत नऊच्या आसपास पोहोचतात. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-अवर, तेव्हा दिवसाला निम्म्याहून कमी मोबाइल भरतो. नकाशे आधीच डाउनलोड करा, विमान मोड लावा, मग पुरतं.

रावेर, यावल, चोपडा हा सातपुड्याच्या पायथ्याचा रस्ता या कामाला उत्तम, कारण सपाटीवर वेग टिकतो. जूनमध्ये मात्र चोपड्याहून शहाद्याकडे निघालात तर पश्चिमेचा वारा तोंडावर येतो. वेग दहावर आला की चार्जिंग जवळजवळ थांबतं. तोरणमाळचा घाट चढताना काहीच मिळणार नाही असं धरूनच निघा. उतरताना उलटी अडचण: पॉवर बँक भरलेली, वेग चाळीस, वीज ओढणारं काही नाही, आणि व्होल्टेज पन्नासच्या वर जाऊ शकतं. एसीच्या बाजूला, ब्रिजच्या आधी, एक स्विच ठेवा आणि घाटमाथ्यावर तो बंद करा.

वेगाइतकीच काळजी उन्हाची. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळची नुसती हवाच तिथवर जाते. काळ्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवलेली पॉवर बँक त्याहून तापते. हात लावून बघा: चांगलीच गरम लागली तर प्लग काढा. ती हँडलखालच्या पिशवीत, सावलीत, पांढऱ्या कापडात ठेवा. उन्हाळ्यात पहाटे निघून साडेदहापर्यंतचं सगळं चार्जिंग पदरात पाडा, दुपारी थांबा.

रात्री डायनॅमो फक्त दिव्याला द्या. ३ वॅटमध्ये दिवा आणि चार्जिंग दोन्ही धड होत नाहीत. सोबत दोन डायोड, वीतभर वायर, इन्सुलेशन टेप आणि हबचा एक जादा प्लग असू द्या. शहाद्याच्या पुढे धडगावकडे वळलात तर हे पार्ट वाटेत मिळतील असं धरू नका.