आमची वाटचाल : होडीचा डेक उघडूनच काम

मालवण-तारकर्ली पट्ट्यात आमचं फायबर रिपेरिंगचं छोटं वर्कशॉप आहे. बाबा लाकडी होड्यांचं सुतारकाम करायचे, मग फायबरच्या होड्या आल्या, सुतारकाम आटलं, तेव्हा मी रत्नागिरीकडे राहून मॅट-रेझिनचं, म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई आणि ती घट्ट करणारा चिकट द्रव यांचं, काम शिकून आलो. सुरुवातीला किरकोळ कामं, कुठे तडा, कुठे फुटलेली कड.

धंदा उभा राहिला तो डेकच्या, म्हणजे होडीत आपण उभे राहतो त्या फरशीच्या, कामावर. फायबर कुजत नाही हे खरं, पण बऱ्याच होड्यांच्या डेकमध्ये प्लाय असतो ना! सीटचे, रेलिंगचे स्क्रू नुसते पिळून बसवलेले, त्या भोकातून पाणी आत झिरपतं, बाहेर पडायला वाट नाही, मग प्लाय आतल्या आत कुजतो आणि वरून डेक चकाचक. हातोडीने ठोकलं की टणटण ऐवजी बद्द आवाज येतो. काही जण त्यावरच मॅटचा अजून एक थर मारून देतात, स्वस्तात होतं पण टिकत नाही. आम्ही पहिल्यापासून ठरवलं, डेक उघडल्याशिवाय काम घ्यायचं नाही.

एका स्नॉर्कलिंगवाल्या दादांच्या होडीचा डेक कडेला दोन इंच पट्टी ठेवून ग्राइंडरने कापला, तर खालचा प्लाय चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हातात येत होता आणि तळातला फोम पाणी पिऊन जड झालेला. "तरीच इंजिन ओढत नव्हतं," दादा म्हणाले. सगळं खरवडलं, नीट सुकवलं, मग १२ एमएमचा ७१० मरीन प्लाय (आयएस ७१० दर्जाचा, पाण्यात टिकणारा), त्याला सगळ्या बाजूंनी, कडांना तर जास्तच, रेझिन पाजून बसवला, वर ४५० चं (चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाचं) मॅट. स्क्रूची भोकं मोठी पाडून रेझिनच्या पुट्टीने भरायची आणि ती घट्ट झाल्यावर तिच्यातच नवं भोक पाडायचं, म्हणजे पाणी प्लायपर्यंत पोचतच नाही. सगळा जीव इथे आहे. ती होडी बघून बाकीचे यायला लागले.

गोची एकच, होड्या रिकाम्या होतात पावसाळ्यात आणि तेव्हाच हवा दमट, ओल्या प्लायला रेझिन धरत नाही, म्हणून पहिली मोठी कमाई बंदिस्त शेडवर घातली. नवीन पोरगा आला की आधी एकच शिकवतो, कोबाल्ट आणि हार्डनर (रेझिन घट्ट करायला त्यात घालायची दोन रसायनं) थेट एकत्र करायचे नाहीत, भडका उडतो, एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि मगच दुसरा.

आता देवगड-वेंगुर्ल्याहूनही कामं येतात. नारळी पौर्णिमेच्या आधी सगळ्यांनाच होडी हातात हवी असते, तेव्हा मे महिन्यात वर ओढली की लगेच आणून टाका, सुकवायला तेवढाच वेळ मिळतो.