मास स्पेकच्या फाइल्स पाठवताना: आधी पीक पिकिंग, मग बाकी सगळं

एलसी-एमएसचा (मिश्रणातले घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राचा) डेटा दुसऱ्या लॅबला पाठवला आणि "फाइल उघडत नाही" असा निरोप आला, तर पहिल्यांदा बघायचं की पाठवली ती फाइल होती की फोल्डर. यंत्र बनवणाऱ्या थर्मो कंपनीची डॉट रॉ ही एकच फाइल असते. वॉटर्सचं डॉट रॉ मात्र अख्खं फोल्डर. अजिलंट आणि ब्रुकरचं डॉट डी हेसुद्धा फोल्डरच, आणि दोघांची आतली रचना अगदी वेगळी. मेलला फोल्डर जोडता येत नाही म्हणून आतली सगळ्यात मोठी फाइल तेवढी उचलून पाठवली जाते. हेडर आणि कॅलिब्रेशन मागेच राहतं. त्या एका फाइलवरून रन, म्हणजे एका सॅम्पलची पूर्ण मोजणी, उभा राहत नाही. पूर्ण फोल्डर झिप करूनच पाठवा.

समोरच्याकडे कंपनीचं सॉफ्टवेअर नसेल तर सोबत एमझेडएमएल द्या. २००८ मध्ये आलेला हा खुला फॉरमॅट. रूपांतर प्रोटिओविझार्ड या सॉफ्टवेअर संचातल्या एमएसकन्व्हर्टने होतं. ते मोफत आहे, पण कंपन्यांच्या लायब्ररी लागत असल्यामुळे सरळपणे विंडोजवरच चालतं.

खरा घोळ इथे होतो. एमएसकन्व्हर्टच्या खिडकीत फिल्टरच्या यादीत टायटलमेकर (स्पेक्ट्रमना नावं देणारा फिल्टर) आधीपासून बसलेला असतो. पीक पिकिंग, म्हणजे प्रत्येक शिखराचा एकच बिंदू ठेवणारं सेंट्रॉइडिंग, नंतर टाकलं की ते त्याच्या खाली जातं. ते उचलून सगळ्यात वर न्यायलाच हवं, कारण कंपनीचं स्वतःचं सेंट्रॉइडिंग फक्त मूळ, न हाताळलेल्या डेटावर चालतं. पीक पिकिंग विसरलंच, तर प्रोफाइल मोडमध्ये (शिखराचा पूर्ण आकार ठेवून) घेतलेला डेटा तसाच जातो. ल्युसिन एन्केफॅलिन या पेप्टाइडचा ५५६.२७७१ वस्तुमानाचा आयन घ्या: सेंट्रॉइडमध्ये ती एक उभी काडी, प्रोफाइलमध्ये अनेक बिंदूंची टेकडी. एक्ससीएमएस या सॉफ्टवेअरचं पीक शोधणारं सेंटवेव्ह सेंट्रॉइड डेटा गृहीत धरतं. त्याला टेकडी दिली की निकालावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून पाठवण्याआधी प्रोटिओविझार्डच्याच सी-एमएस (SeeMS) या व्ह्यूअरमध्ये एखादा स्पेक्ट्रम मोठा करून बघा. काडी दिसली पाहिजे.

वॉटर्सच्या डेटात आणखी एक खोच आहे. लॉकमासचे (वस्तुमान दुरुस्त करायला मोजल्या जाणाऱ्या संदर्भ पदार्थाचे, इथे ल्युसिन एन्केफॅलिनचे) स्कॅन वेगळ्या फंक्शनमध्ये, म्हणजे स्कॅनच्या वेगळ्या मालिकेत, असतात, पण एमझेडएमएलमध्ये ते साध्या एमएस-१ (आयन न फोडता घेतलेल्या) स्कॅनसारखे मिसळू शकतात. मग ५५६ चा आयन सगळ्या रनभर ठरावीक अंतराने डोकावतो आणि सॅम्पलमधलाच वाटतो. ते स्कॅन वगळा. लॉकमासची दुरुस्तीही आपोआप होत नाही. त्यासाठी लॉकमास रिफायनर हा फिल्टर संदर्भ वस्तुमान देऊन लावावा लागतो, पॉझिटिव्ह आयन मोडला ५५६.२७७१, निगेटिव्हला ५५४.२६१५.

पीकची यादी सीएसव्हीत देत असाल तर रिटेन्शन टाइमचं (घटक कॉलममधून बाहेर यायला लागलेल्या वेळेचं) एकक यादीतल्या स्तंभाच्या नावातच लिहा. एमझेडएमएलमध्ये एकक वेळेसोबतच नोंदलेलं असतं, सीएसव्हीत नाही. एमझेडमाइन हे सॉफ्टवेअर मिनिटांत बोलतं, एक्ससीएमएस सेकंदांत. ६.४२ आणि ३८५.२ हा एकच पीक आहे हे दोन याद्या जोडणाऱ्या स्क्रिप्टला कळत नाही, आणि ती एररही देत नाही. जुळणारे पीक शून्य, एवढंच दाखवते.