चाव्या नसलेली ॲम्बेसेडर

गाडीबरोबर आरसी बुक मिळालं, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या मिळाल्या, चाव्या मात्र मिळाल्या नाहीत. १९७२ ची ॲम्बेसेडर मार्क-२, सोलापुरात होटगी रोडच्या एका बंगल्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी. चाव्या कुठे गेल्या ते घरात कुणालाच आठवेना. नशिबाने ड्रायव्हरच्या बाजूचं दार लॉक केलेलं नव्हतं. शेजारचं दार, डिकी आणि डॅशबोर्डवरचा इग्निशन स्विच मात्र तिन्ही बंद.

जो तो सांगे, सगळे लॉक नवे टाका. एक मिस्त्री तर ड्रिल घेऊन तयारच होता. "इग्निशनला डायरेक्ट करतो, बटन बसवतो, चावीची कटकटच नको!" मला ते पटेना. मार्क-२ बनायची १९७५ मध्येच थांबली, पुढे २०१४ ला ॲम्बेसेडरच बंद झाली. बाजारात नवे म्हणून मिळणारे लॉक बहुतेक नंतरच्या मॉडेलचे. ते बसवायचे म्हणजे पत्रा कानसा, भोकं मोठी करा. शिवाय २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते (फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं), पण गाडी मूळ रूपात हवी. नियमात चेसिस, बॉडी, इंजिन यांचं नाव आहे, लॉकचं नाही. तरी चाळणी झालेला डॅशबोर्ड मला नको होता.

नवी पेठेच्या बाजूला एक चावीवाले मामा बसतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मालक, आरसी आणलाय का? कुणाचीबी गाडी मी उघडत नाही." तिथेच माणूस पसंत पडला.

घरी येऊन आधी बॅटरीची वायर काढायला लावली. इग्निशनच्या लॉकला बाजूला बारीक भोक असतं. आत तार खुपसून खटका दाबला की बॅरल, म्हणजे चावी जाते ते आतलं नळकांडं, बाहेर येतो, पण त्यासाठी आधी चावी घालून थोडी फिरवावी लागते. आमच्याकडे नेमकी तीच नाही! म्हणून पुढची रिंग सोडवून अख्खा स्विच डॅशबोर्डच्या मागून काढला. काढण्याआधी प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नंबर टाकले. हे फार गरजेचं, कारण आधीच्या कुणीतरी सगळं वायरिंग एकाच रंगात करून ठेवलं होतं.

मग मामांनी स्विच व्हाइसमध्ये धरला, रॉकेलने धुतला आणि खरं काम सुरू झालं. या लॉकमध्ये पितळेच्या पातळ पत्त्या असतात, प्रत्येकीला स्प्रिंग. चावी नसताना त्या बाहेर डोकावून बॅरल अडवतात. योग्य खाचांची चावी गेली की सगळ्या आत येऊन बॅरलच्या कडेशी सपाट होतात आणि बॅरल फिरतो. म्हणजे चावी हरवली तरी तिचं माप लॉकमध्ये शिल्लक असतंच. मामा कोरी, खाचा नसलेली चावी घालायचे, ताण देऊन हलवायचे, बाहेर काढून उजेडात धरायचे. पत्ती अडकली असेल तिथे चावीवर बारीकशी चमक दिसते. तिथेच कानशीचा एक हात, पुन्हा आत. खूण पडायची थांबली की ती पत्ती जागेवर आली. मला तर चमक कुठे आहे तेच दिसत नव्हतं. मेच्या उन्हात, घामाने चावी हातातून निसटत असताना, घाई म्हणून नाही. आणि एकदाचा स्विच खटकन फिरला.

दाराचा लॉक त्या मानाने सोपा गेला. चावीची जात, म्हणजे कोऱ्या चावीचा आकार, तीच निघाली, म्हणून मामांनी त्यातल्या पत्त्यांची अदलाबदल करून इग्निशनचीच चावी त्याला लागू केली. एक पत्ती काही केल्या जुळेना. तिला कानस मारून सपाट करता आली असती, बरेच जण तेच करतात. पण मग लॉक ढिला होतो आणि भलतीच चावीही फिरते. मामांनी त्यांच्या डब्यातली जुनी पत्ती शोधून घातली.

डिकी मात्र हरली. लॉक उघडला, पण हँडलचं जुनं ओतीव जस्त फुगून चिरलं होतं, हातातच त्याचे तुकडे झाले. एका पार्टवाल्यामार्फत कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून जुनं हँडल मागवलं. ते स्वतःच्या चावीसकट आलं, आणि ती चावी वेगळ्या जातीची, त्यामुळे तिथे पत्त्यांची अदलाबदल शक्यच नव्हती. खिशात आता दोन चाव्या असतात.

वायरी परत जोडताना नंबर असूनही प्रत्येक वायर टेस्ट लॅम्पने तपासली. दोन्ही चाव्यांच्या जादा प्रती लगेच करून घेतल्या, त्याही मूळ चावीवरून, कारण प्रतीवरून प्रत काढली की माप सरकत जातं. तेल घालू नका असं मामांनी बजावलंय. आपल्याकडच्या धुळीत तेलाचा चिखल होतो आणि पत्त्या पुन्हा अडकतात. ग्रॅफाइटची भुकटी घालायची, तीही चिमूटभरच.