कुठं उभी होतीस?

शनिवार, रात्रीचा दीड वाजून गेलाय

घरी येऊन अर्धा तास झाला, पाय धुतले, पाणी प्यायले, आडवी पण झाले, पण झोप कुठली यायला. भाची पलीकडच्या खोलीत केव्हाच झोपली. माझ्या डोक्यात मात्र शेवटच्या गाण्याचा ठेका अजून चालूच आहे म्हणून उठून लिहायला बसले, सकाळवर टाकलं की यातलं निम्मं विसरलेलं असतं.

मी आणि दादा, आमची एक जुनी पद्धत आहे. कॉन्सर्टहून कोणी परत आलं की बँड कसा वाजला हे नंतर, आधी विचारायचं कुठं उभा होतास. कारण मैदान एक, रात्र एक, पण पुढच्या बॅरिकेडला चिकटलेल्यानं जे ऐकलं ते पार मागच्या स्टँडमधल्यानं ऐकलेलंच नसतं, आणि दोघांनाही वाटत असतं की खरा कॉन्सर्ट आपणच बघितला.

पहिल्यांदा दादानंच नेलं होतं, मी सतराची. गेट उघडल्या उघडल्या पळत सुटलो आणि थेट पुढची रेल, म्हणजे स्टेजसमोरचा कठडा पकडला, स्टेजच्या डाव्या बाजूला. मग तीन तास नुसतं उभं राहणं. त्या तीन तासांतलं एक अजून डोळ्यासमोर आहे, काळ्या टीशर्टातला एक रोडी, म्हणजे बँडचं सामान लावणारा, आला, वाकला आणि मायक्रोफोनच्या पायाशी सेटलिस्टचा, त्या रात्रीच्या गाण्यांच्या यादीचा कागद टेपनं चिकटवला. जाड मार्करनं लिहिलेली अक्षरं, त्यातलं वरून चौथं नाव दोनदा गिरवून खोडलेलं. ते कुठलं गाणं होतं आणि का खोडलं हे मला कधीच कळलं नाही पण पुढच्या अख्ख्या आठवड्यात मी त्याचाच विचार करत होते.

दिवे गेले आणि किक ड्रमचा, पायानं वाजवतात त्या मोठ्या ड्रमचा पहिला ठोका पडला तो कानात नाही, बरगड्यांत. पोटातून वर चढत आला. आणि गंमत बघा, गाणारा माझ्यापासून पंधरा फुटांवर, त्याच्या गळ्याची शीर दिसतेय, पण शब्द मात्र नीट ऐकू येईनात. नंतर दादानं समजावलं की अगदी पुढं उभं राहिलं की जास्त करून स्टेजवरच्या अँपचा (गिटारचा आवाज मोठा करणारे डबे) आणि ड्रमचा थेट आवाज येतो, गायकाचा आवाज ज्या मोठ्या स्पीकरमधून येतो ते दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा मारा आपल्या डोक्यावरून मागं जातो. त्यानं मग बीटल्सचं सांगितलं, १५ ऑगस्ट १९६५, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, ५५ हजारांवर लोक, आणि गाणं ऐकवायला काय तर खेळाच्या अनाउन्समेंटसाठी लावलेले स्टेडियमचे स्पीकर. पोरींच्या किंचाळण्यात स्टेजवरच्या त्या चौघांना स्वतःचं वाजवणंसुद्धा ऐकू येत नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांनी दौरे करणं थांबवलं. मला हे ऐकून फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं, इतकी माणसं ऐकायला आली आणि ऐकलं कोणीच नाही.

मग काही वर्षं मॉश पिटची, म्हणजे स्टेजसमोर एकमेकांना धक्के देत नाचणाऱ्या घोळक्यातली. बाहेरून बघणाऱ्याला ती मारामारी वाटते पण तिथं एक नियम असतो, कोणी पडलं की आजूबाजूच्या सगळ्यांनी थांबायचं आणि त्याला उचलायचं. मी एकदा पडले तेव्हा खाली पोचायच्या आत चार हात काखेत आले होते, उभी केली, एकानं माझा बूट शोधून हातात दिला आणि परत धक्काबुक्की सुरू. त्यातलं कोणी मला परत कधी भेटलं नाही.

पण एक रात्र वेगळी होती. आयोजकांनी जागेपेक्षा फार जास्त माणसं आत घेतली होती. मागून रेटा आला तेव्हा माझे पाय जमिनीवरून उचलले गेले, म्हणजे मी उभी होते पण कशावर नाही, आणि श्वास बाहेर सोडता येत होता, आत घेता येत नव्हता. गायकाला वरून दिसलं, त्यानं गाणं अर्ध्यात थांबवलं आणि सगळ्यांना मागं सरकवलं, तोवर वाजवायला सुरुवात केली नाही. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. २००० सालच्या ३० जूनला डेन्मार्कमधल्या रॉस्किल्ड फेस्टिवलमध्ये पर्ल जॅम वाजवत असताना पुढच्या गर्दीत चेंगरून ९ जण गेले, तिथंही बँडनं थांबवलं होतं, पण उशीर झाला होता. हे मी त्या रात्रीनंतर वाचलं आणि कागद बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिले.

तिथून माझी जागा मागं सरकली ती साउंड डेस्कपाशी. मिक्सिंग करणारा माणूस जिथं बसतो त्याच्या जवळपास, कारण तो जे ऐकून आवाज बसवतो तेच तुम्हालाही ऐकू येतं. तिथं मला पहिल्यांदा बेस गिटार, खालच्या जाड सुरांची, म्हणून वेगळं काही असतं हे कळलं. इतकी वर्षं ती गाणी पाठ होती आणि बेस काय करतोय हे माहीतच नव्हतं!

पार मागच्या स्टँडमध्ये पण बसलेय, दादाचा गुडघा गेल्यावर त्याच्यासोबत. तिथं ड्रमरची काठी खाली आलेली आधी दिसते आणि आवाज मागून येतो, शंभर मीटरला साधारण पाव सेकंदाच्या वर. टाळ्यासुद्धा पुढून मागं लाटेसारख्या सरकत येतात. दादाला ते फार आवडायचं, म्हणायचा इथूनच फक्त गर्दी वाजताना ऐकू येते.

एक गोष्ट मात्र सगळीकडून सारखीच, सुरू व्हायच्या आधीचा तो मिनिटभर. मेटॅलिका बँडवाले १९८३ पासून बहुतेक वेळा संगीतकार एन्निओ मॉरिकोनेची सिनेमातली एक धून लावून स्टेजवर येतात, आयर्न मेडन बँडच्या आधी यूएफओ बँडचं ‘डॉक्टर डॉक्टर’ लागतं. ज्याला माहितीय तो ती धून लागली की बोलता बोलता थांबतो. शेजारच्या अनोळखी माणसाकडं बघतो, तोही बघतो, आणि दोघांच्या चेहऱ्यावर एकच. माझ्यासाठी सगळ्या कॉन्सर्टचं सोनं त्या मिनिटात आहे, नंतरची गाणी घरी पण ऐकता येतात.

आता कानाचं लिहायला हवं. त्या पहिल्या रात्रीनंतर दोन दिवस डाव्या कानात शिट्टी वाजत होती, ती गेली. पुढं दरवेळी वाजायची आणि जायची, आणि मग एकदा गेलीच नाही. आत्ता लिहिताना पण आहे, बारीक, एकाच सुरात. कानातल्या ज्या बारीक केसांच्या पेशी असतात त्या एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत. १०० डेसिबलला साधारण १५ मिनिटांतच कानाची दिवसाची मर्यादा संपते असं मानतात आणि आम्ही तीन तीन तास स्पीकरच्या तोंडाशी उभे असायचो, उघड्या कानानं. कोणी सांगितलं असतं तर ऐकलं असतं का माहीत नाही, पण कोणी सांगितलंच नाही.

म्हणून आज भाचीला आत शिरायच्या आधीच इअरप्लग दिले, फोमचे नाही, ते वरचे सूर खाऊन टाकतात, वादकांचे असतात तसले, सगळा आवाज सारखा कमी करणारे. “आत्या, यातनं काय ऐकू येणार मला?” म्हणून तोंड वाकडं केलं. तिला रेल हवी होती, मी डेस्कपाशी थांबवलं, त्यावरून पहिली दोन गाणी माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या गाण्याच्या मध्यात माझी बाही ओढली, प्लगमुळं आपण किती जोरात बोलतोय याचा तिला पत्ता नव्हता, जवळजवळ ओरडलीच, “आत्या, तो बेसवाला बघ काय करतोय!”

पुढच्या वेळी तिला रेलला उभं करेन, प्लग घालून. ते बरगड्यांतलं पण तिला मिळायला हवं.

दादाचा मेसेज आत्ता दिसला, साडेअकराचा. “कुठं उभ्या होतात?” एवढंच. डेस्कच्या डावीकडं, असं लिहून पाठवलं. तो पण जागाच होता वाटतं, लगेच उत्तर आलं. “मग तिला बेस ऐकू आला असेल.”