इतक्यात दमलात?

“काय हो, आज इतक्यात दमलात?” भाट्ये किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्यातले मासे निवडणाऱ्या काकांनी आज सकाळी विचारले, तेव्हा मला धावायला लागून जेमतेम वीस मिनिटे झाली होती.

रविवारी दहा किलोमीटरची शर्यत आहे, ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनच्या सरावात वेग अजमावण्यासाठीच ती घेतली असल्याने, पाय ताजे राहावेत म्हणून या आठवड्यात अंतर कमी केले आहे, हे त्यांना समजावताना माझे मलाच पटेना. ओहोटीची ओली, टणक वाळू समोर मोकळी पडलेली, आणि मी घड्याळ थांबवून उभा!

हातातला बांगडा टोपलीत टाकत काका म्हणाले, “म्हणजे थांबायचाही सराव करावा लागतो?”

तुम्हाला जमतो का हो तो?